कोकणातून बोर्निओच्या जंगलात: पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी

"गडग्यापलीकडला रान तुटता हा, नि तू झाडां लावूक बोर्निओक जातंस?"

आईने हे विचारलं तेव्हा माझी बॅग अर्धी भरून झाली होती आणि उत्तर काही सुचत नव्हतं. कुडाळ तालुक्यात आमची काजूकलमांची छोटी रोपवाटिका आहे. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ची कलमं बांधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. परदेशातल्या पावसाळी जंगलात काम करायला मी दोनदा गेले. पहिली खेप फसली, दुसरी चांगली झाली. त्यानंतर ओळखीतले बरेच जण विचारायला येतात. बहुतेक विशीतली मुलं, आणि दोन निवृत्त शिक्षकसुद्धा. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

आधी इथे एक हंगाम

अनुभव नसताना थेट विमानात बसू नका. तुम्हाला बिनउपयोगी म्हणून परत पाठवणार नाहीत, फी भरलीत तर ठेवूनही घेतील. पण तिथल्या माणसांचे दोन आठवडे तुम्हाला शिकवण्यात जातील आणि काम राहील बाजूला.

कोकणात शिकायला जागा भरपूर आहेत. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात. अंडी हॅचरीत हलवायची, दीड-दोन महिने राखण करायची आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. पहाटे किनाऱ्यावर चार-पाच किलोमीटर चालून मादीच्या पावलांचा माग शोधणं आणि रोज तेच काम न कंटाळता करणं जमतंय का, हे तिथे कळतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे. रोपवाटिकेचं काम शिकायचं तर आमच्यासारख्या कुठल्याही नर्सरीत मे-जून काढा. पिशव्या भरायला माणूस कुणालाही हवाच असतो.

पावसाळी जंगल म्हणजे काय, याचा थोडा अंदाजही इथेच येतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बोर्निओच्या पूर्व भागात पडतो त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. मग आंबोलीचं जंगल बोर्निओसारखं का नाही? कारण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि मग आठ महिने झाडं तग धरून उभी राहतात. तिथे विषुववृत्ताजवळ तो वर्षभर थोडा थोडा येतच असतो. आपल्याच सिंधुदुर्गातल्या बांबर्ड्याच्या रानजायफळांच्या दलदलीत एकदा उभे राहा. २०२१ साली राज्य सरकारने या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. चिखलातून वर आलेली गुडघ्यासारखी वाकडी मुळं, पायाखाली बारमाही पाणी. त्या चिखलात उभं राहायची भीती वाटली तर पुढचं वाचायची गरज नाही.

कुठे जायचं

सगळ्यांच्या डोक्यात ॲमेझॉन असतं. पेरू, इक्वेडोर, ब्राझील इथे कामं आहेत, पण आपल्याकडून प्रवास लांबचा, तिकीट महाग आणि भाषा स्पॅनिश नाही तर पोर्तुगीज. शिवाय या देशांतून परत येताना यलो फिव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं.

कोस्टा रिकाचं नाव चांगलं आहे, आणि ते कमावलेलं आहे. १९८०च्या दशकात तिथलं जंगल पाव हिश्श्यापर्यंत खाली आलं होतं, आज ते निम्म्याहून जास्त भूभागावर आहे. जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकार पैसे देतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान खासगी मालकीचं, म्हणून हे मॉडेल आपल्याला शिकण्यासारखं आहे. पण पहिल्या खेपेला नको, खर्च झेपत नाही.

माझ्या मते कोकणातल्या नवख्याने आधी आग्नेय आशियात जावं. मी बोर्निओतल्या मलेशियाच्या साबाह राज्यात, किनाबातांगान नदीच्या काठी गेले. ही ५६० किलोमीटर लांबीची, साबाहमधली सर्वांत मोठी नदी. तिच्या खालच्या पट्ट्यात आधी लाकूडतोड झाली, मग पामतेलाची लागवड आली. उरलेल्या जंगलाचे तुकडे नदीकाठाने सुटे सुटे पडलेत. २००५ मध्ये त्यातल्या सुमारे २६ हजार हेक्टरचं अभयारण्य झालं. ओरांगउटान, ठेंगणे हत्ती, लांब नाकाची माकडं, धनेशाच्या आठ जाती, सगळे त्या तुकड्यांत. स्वयंसेवकांचं मुख्य काम म्हणजे हे तुकडे झाडं लावून पुन्हा जोडणं.

पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आपलाच देश आहे, हेही जाता जाता सांगते. स्टँडवरच्या वड्याचं तेल कुठून येतं, हे तिथे नदीतून होडीने जाताना दोन्ही काठांवर दिसतं. दोडामार्गात रबराची लागवड पाहिलेल्या माणसाला ते दृश्य नवं वाटत नाही. सरळ रांगा, खाली सावली आणि एकही पक्षी नाही.

संस्था पारखून घ्या

माझी पहिली खेप इथेच फसली. संस्थेचं आणि देशाचं नाव घेत नाही. संकेतस्थळ देखणं होतं, फोटोत माकडाचं पिल्लू कडेवर घेतलेल्या मुली होत्या, आणि मी भुलले. तिथे आमच्या गटाने चार दिवसांत तीनशेएक रोपं लावली. पाचव्या दिवशी मी सहज जवळच्या जुन्या प्लॉटमध्ये शिरले. गवत छातीइतकं. हाताने बाजूला केलं तर आदल्या वर्षीच्या काठ्या दिसल्या, प्रत्येक काठीला स्वयंसेवकाच्या नावाची पाटी, आणि पाटीखाली काहीच नाही. कुणी एकदाही बेणलं, म्हणजे गवत काढलं नव्हतं. रोपवाटिकेत वाढलेल्या बाईला ते बघून काय वाटलं असेल, तुम्हीच समजा. दर महिन्याला नवा गट यायचा आणि नवीन पाट्या लागायच्या.

तेव्हापासून मी फी भरायच्या आधी ईमेलवर प्रश्न विचारते आणि उत्तरं लेखी मागते. सगळ्यात आधी हे विचारा: गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती रोपं आज जिवंत आहेत? चांगली संस्था आकडा सांगते आणि मेलेल्यांची कारणंही सांगते. पुरात गेली, हत्तींनी उपटली, हरणांनी खाल्ली. "सगळी छान आहेत" असं उत्तर आलं की समजून जायचं. मग विचारा की बेणणी कोण करतं आणि वर्षातून किती वेळा. जमीन कुणाची आहे, म्हणजे उद्या तिथे ट्रॅक्टर येणार नाही याची खात्री काय? बिया कुठून आणता, त्याच जंगलातून की बाहेरून? हेच काम गावातली माणसं पगारावर करतात का? याचं उत्तर "नाही" असेल, तर तुम्ही कुणाची तरी मजुरी फुकटात खाताय.

फीचं म्हणाल तर फी असणं यात गैर काही नाही. तुमचं जेवण, होडीचं डिझेल आणि मुकादमाचा पगार त्यातूनच जातो. फक्त त्यातला किती हिस्सा गावात राहतो ते विचारा. मधल्या दलालाकडून गेलात तर बराचसा हिस्सा तिथेच अडकतो.

आणि प्राण्याला हात लावू देणारी संस्था असेल तर तिथेच फुली मारा. ओरांगउटानला आपली सर्दी आणि क्षय दोन्ही होतात. १९६४ पासून चालणारं सेपिलोकचं पुनर्वसन केंद्र पर्यटकांना लांबच्या मचाणावरच थांबवतं, ते उगीच नाही.

नमुना म्हणून बघायचा तर किनाबातांगानच्या काठी बातू पुतेहच्या गावांची 'कोपेल' ही सहकारी संस्था बघा. जंगल लावणं, लोकांच्या घरी पाहुणे ठेवणं, स्वयंसेवकांना काम देणं, सगळं गावाच्या हातात. सहकारी सोसायटी म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजवायला नको, चांगली कशी असते आणि वाईट कशी असते तेही.

कागदपत्रं आणि तारखा

पासपोर्टला मुंबई गाठावी लागतेच असं आता नाही, पोस्टातली सेवा केंद्रंही आहेत. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. मलेशिया आणि इंडोनेशिया त्या यादीत आहेत. तो नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांचा आहे, पण विमानतळावर प्रश्न विचारतात. म्हणून परतीचं तिकीट आणि संस्थेचं पत्र हाताशी ठेवा.

व्हिसाचं नीट ऐका. मलेशियात भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. ही सवलत मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी चालू आहे का ते तपासा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. साबाहचं इमिग्रेशन वेगळं आहे, म्हणजे क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने गेलात तरी तिथे पासपोर्टवर पुन्हा शिक्का बसतो. आणि मुख्य गोष्ट: पुष्कळ देशांत बिनपगारी कामसुद्धा "काम" धरलं जातं. त्यांच्या प्रकल्पावर काम करायला कोणता परवाना लागतो, हे संस्थेकडून लेखी घ्या. "फक्त टुरिस्ट म्हणून सांगा" असं कुणी म्हणालं तर पकडले जाल तुम्ही, ते नाही.

आता तारखा. साबाहच्या पूर्व किनाऱ्यावर पावसाचा जोर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा नदीला पूर असतो आणि लागवडीचे प्लॉट पाण्याखाली जातात. आपण कोरडे असतो तेव्हा ते भिजतात. रोपांची विक्री आटपली की जुलैच्या मध्यापासून गणपतीपर्यंत मला सवड असते, तेव्हाच मी गेले. निघताना कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं. गाड्या हळू धावतात, कधी दरड येते. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. माझ्या ओळखीच्या एकाचं विमान पेण-नागोठण्याच्या मध्ये एसटीत बसल्या बसल्या सुटलंय. परतीचं तिकीट गणपतीच्या आदल्या आठवड्याचं काढू नका. मुंबईहून घरी यायला उभं राहायलाही जागा मिळत नाही.

मुक्काम किती? दोन आठवड्यांपेक्षा कमी असेल तर पर्यटक म्हणूनच जा, त्यात कमीपणा नाही. चार आठवडे बरे.

तब्येत

निघायच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस-ए यांचं विचारा, प्राण्यांच्या जवळ काम असेल तर रेबीजची आगाऊ लसही. सिंधुदुर्गातल्यांना लेप्टो आणि माकडताप काही नवे नाहीत. भातलावणीच्या दिवसांत आरोग्यसेविका लेप्टोसाठी डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या देऊन जातात, तीच गोळी मलेरियापासून बचावासाठीही वापरतात. घ्यायची का आणि किती दिवस, ते डॉक्टरच ठरवतील, घरातल्या उरलेल्या पाकिटातून घेऊन खाऊ नका. विमा काढताना दुर्गम भागातून हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बारीक अक्षरात वाचा.

पिशवीत काय

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पातळ सुती घ्या, जीन्स नको, ती कधी वाळतच नाही. गमबूट तिथे मिळतात, पण मोठ्या मापाचे मिळतील असं नाही. तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

जळवांसाठी लीच सॉक्स ऑनलाइन महाग मिळतात. मी आमच्या गावच्या शिंप्याकडून शिवून घेतले. दाट विणीचं मांजरपाट घ्या, गुडघ्यापर्यंत उंच, वर नाडी. शिवण दुहेरी आणि आतल्या बाजूला, कारण सैल टाक्यातून जळू दोऱ्यासारखी बारीक होऊन आत शिरते. रंग पांढराच ठेवा म्हणजे चढताना दिसते. शिंप्याने आधी विचारलं, "ह्यां काय, सांताक्लॉजाचा?" मापासाठी पाय पुढे केला तेव्हा कुठे पटलं. चावलीच तर ओढून काढू नका, नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा.

आंब्याची पेटी, कलमं, बिया, रातांबे यातलं काहीही यजमानांना भेट म्हणून नेऊ नका. ताजी फळं आणि रोपं सीमेवर अडवतात, आणि अडवायलाच हवीत. त्यातून कीड गेली तर ज्या जंगलासाठी चाललात त्याचंच नुकसान. बुटांच्या तळाची माती घरीच ब्रशने घासून काढा. मी भेट म्हणून सावंतवाडीची लाकडी खेळणी नेली होती, रंगवलेली. ती चालली.

तिथलं काम

दिवस साडेपाचला सुरू होतो, कारण दहानंतर उकाड्यात उभं राहवत नाही. आमची मुकादम तिथल्याच गावची बाई होती. तिला सगळे "काकाक" म्हणायचे, मलय भाषेत मोठी बहीण. पहिले दोन दिवस मला तोंडातून ते काढताना हसू यायचं, आपले काका आठवून.

लागवड हा कामातला लहान भाग. मोठा भाग म्हणजे बेणणी. कमरेइतक्या गवतात आधी रोप शोधायचं. काठीला रंगीत फीत बांधलेली असते, ती सापडली की गुडघ्यावर बसायचं आणि रोपाभोवती हातभर गोल हातानेच मोकळं करायचं. खोडाला चढलेली वेल खालून तोडायची, वरून ओढायची नाही, ओढली की शेंडा मोडतो. मग बाकीचं गवत परांगने. परांग म्हणजे त्यांचा कोयता, पण आपल्यापेक्षा लांब आणि सरळ, वजन टोकाकडे. मी कोयता वापरलेली, मला काय शिकवता, अशा तोऱ्यात पहिल्याच सकाळी सपकन हात मारला आणि गवताबरोबर दोन वर्षांचं रोप छाटलं. काकाक काही बोलली नाही. तिने छाटलेला शेंडा उचलून माझ्या टोपीत खोचला आणि दिवसभर तसाच ठेवायला लावला. दुसऱ्या दिवसापासून मी आधी हाताने मोकळं करून मगच पातं चालवलं.

नंतर मोजणी: रोपाची उंची, बुंध्याचा घेर, जिवंत की मेलेलं, जागा जीपीएसवर. वहीत पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई घामाने पसरते. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण वर म्हटलेला जिवंत रोपांचा आकडा याच वहीतून येतो. हत्ती येऊन गेले असतील तर अख्खी रांग उपटलेली सापडते. पुन्हा लावायची. हत्तींवर रागावण्यात अर्थ नसतो, तो रस्ता त्यांचाच आहे.

ओरांगउटान दिसेलच असं नाही. मला चार आठवड्यांत दोनदा दिसला, दोन्ही वेळा पाठमोरा.

जेवणाची आपल्याला अडचण नाही, भात आणि मासे. शाकाहारी लोकांनी आधीच कळवावं, कारण भाजीतही बेलाचान असतं. हा कोळंबीचा आंबवलेला गोळा, आपल्या जवळ्याचाच चुलतभाऊ. पहिल्या वासाला मला घरची आठवण झाली, सोबतच्या पुण्याच्या मुलीला भलतंच काही झालं. गावं बहुतेक मुसलमान, त्यामुळे दारू घरात आणायची नाही, अंगभर कपडे घालायचे आणि काही द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हाताने. हे शेवटचं आपल्याला शिकवायला लागत नाही. "तेरिमा कासिह" म्हणजे आभार, एवढं तरी पाठ करून जा.

परत आल्यावर

बूट आणि मोजे तिथेच धुऊन, वाळवून मग बॅगेत भरा. घरी आल्यावर रोपवाटिकेत थेट पाय ठेवू नका, पुन्हा एकदा साबणाने घासा. आणि पुढच्या दोन महिन्यांत ताप आला तर "पावसात भिजलंय" म्हणून काढा पीत बसू नका. बोर्निओत माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा एक मलेरिया आहे, नोलेसी नावाचा. त्याचे जंतू रक्तात दर चोवीस तासांनी वाढतात, म्हणून आजार झपाट्याने बळावतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या साध्या मलेरियासारखा दिसतो. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या डोक्यात आधी लेप्टो येणार, मग डेंगी, मग माकडताप. म्हणून दवाखान्यात शिरताच, नाव सांगायच्याही आधी, सांगा की मी अमुक तारखेपर्यंत साबाहच्या जंगलात होते, आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.